मालकाचं नाव

द्वारकाबाईंच्या मोबाईलवर बँक आली, तेव्हा पासवर्डचा प्रश्न त्यांनी काउंटरवरच निकालात काढला. "तोंडातून कधी निघणार नाही असं काहीतरी ठेवा," तिथली पोरगी म्हणाली होती. बाईंनी नवऱ्याचं नाव ठेवलं. लग्न झाल्यापासून त्यांनी ते उच्चारलं नव्हतं. अख्ख्या मस्तगड वस्तीत एवढी भक्कम तिजोरी नसेल.

खात्यात कुरडया-पापड विकून साठवलेले पैसे होते. त्यातून पिठाची गिरणी घ्यायची होती आणि पाटीवर बाईंना स्वतःचं नाव हवं होतं. नवऱ्याला दोन्ही पटत नव्हतं. मोंढ्यात धान्याच्या आडतीवर कारकुनी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज बजावायचा, "बायकांच्या पोटात काही राहत न्हाई. फोनवर बरळू नको."

एका दुपारी फोन वाजला. "बँकेतून बोलतोय. खातं बंद पडणार आहे. पासवर्ड सांगा."

"न्हाई जमायचं, भाऊ. मालकाचं नाव हाय ते. मी घेत न्हाई."

नवऱ्याने पेपर टाकून फोन हिसकावला. "कोण रे तू? बायकांना काय विचारून राह्यला? मी तातेराव बोलतो, तातेराव!"

समोरचा लगेच नरमला. "माफ करा साहेब. इंग्रजीत कसं लिहिता आपण?"

इतक्या अदबीनं तातेरावांना जन्मात कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "पहिलं मोठं, बराबर लिहा!" मग बायकोकडे वळले, "पाह्यलं? असं बोलावं लागतं."

चहा उकळेपर्यंत खातं रिकामं झालं. तातेराव ओट्यावर येऊन गल्लीला ऐकवू लागले, "हिनं बुडवलं! सांगत होतो मी!" गल्लीनंही मान डोलावली. गल्लीला तेवढंच येतं.

बँकेत साहेबांनी विचारलं, "पासवर्ड कोणी सांगितला?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे? तक्रारीत नाव लागेल."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तातेराव खाकरले. "हिनंच सांगितला. लिहा साहेब."

साहेबांनी तसं लिहिलं आणि पैसे परत मिळणं अवघड असल्याचंही सांगितलं. मग म्हणाले, "आता असा ठेवा, की घरातल्या कोणालाही ठाऊक नसेल."

बाईंनी क्षणभरही विचार न करता बटणं दाबली.

बाहेर तातेरावांनी दरडावलं, "ए वसंताची माय, काय ठेवलं आता?"

"माझं माहेरचं नाव."

ते नाव मांडवात तातेरावांनीच बदललं होतं. ते थबकले. डोकं खाजवून पाहिलं, पण आठवेना. "काय होतं गं?"

"कोणाला सांगायचं न्हाई म्हणले साहेब," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.