गाडीतली डबलबारी

आमच्या बिल्डिंगमधले यशवंतदादा गाणी ऐकतात ती पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, भर उन्हात, काचा वर करून. एसी लावत नाहीत, पेट्रोल जळतं. बाहेर पडतात तेव्हा भिजलेल्या कोंबड्यासारखे दिसतात.

दादा निवृत्त मास्तर, भजनी मंडळाचे अध्यक्ष आणि तालुक्यातल्या भजन स्पर्धांचे कायमचे परीक्षक. दोन गोष्टी समोरासमोर ठेवून नंबर काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बाजारात दोन बांगडे उचलून ते "ह्याचा पहिला" म्हणतात आणि कोळीण भांडते, "दुसऱ्याला काय झालं ओ मास्तर?" माझ्या सोलकढीला त्यांनी माझ्याच घरी जेवताना दुसरा नंबर दिला.

"मग पहिला कोणाचा?"

"राखून ठेवलाय, वैनी. त्या लायकीची अजून कोण आली नाय."

सोसायटीची सेक्रेटरी मी. बंद गाडी हादरते अशी तक्रार आली. टाकी साफ करून घेणे, वीजबिल भरणे आणि दादांची गाडी, अशी त्या दिवसाची यादी. मी काचेवर टकटक केलं. दादा चोरी पकडल्यासारखे दचकले.

"आत या, लवकर! मंडळातलं कोण बघेल."

आत स्पीकरवर गिटार, ड्रम आणि जिवाच्या आकांताने ओरडणारी एक मुलगी.

"दोन अल्बम आहेत," दादा म्हणाले. "भजनात दोन बुवा समोरासमोर बसवतात ना, तशी डबलबारी लावलीय. एक गाणं ह्याचं, एक त्याचं. तुम्ही सरळ बोलणाऱ्या. नंबर काढा."

मला वीजबिल भरायचं होतं. दोन-दोन गाणी ऐकली आणि उरकून टाकलं. "पहिला नंबर दुसऱ्याचा. आधीच्या पोरीला दम पुरत नाही. आणि नुसतं किंचाळायचं तर गाणं कशाला म्हणायचं?"

दादांनी चष्मा काढून पुसला. "मलापण दुसराच बरा वाटला. ती आधीची म्हणजे आमची सायली."

सायली त्यांची मुलगी. पुण्याला नोकरी करते एवढंच मला माहीत होतं. आता दार उघडून पळावं की बसावं, कळेना.

दादा समोर बघत बोलत राहिले. शाळेत असताना ती भजन स्पर्धेत उतरली. परीक्षक दादाच. सगळ्यांत चांगली गायली. पण लोक काय म्हणतील म्हणून ह्यांनी तिला दुसरा नंबर दिला. त्यानंतर ती घरात कधी गायली नाही. आता हा अल्बम पाठवला होता, 'बाबा, ऐका आणि खरं सांगा' म्हणून.

"एकच अल्बम ऐकून काय कळणार? म्हणून त्याच जातीचा दुसरा शोधला."

"दादा, मला ह्यातलं काही कळत नाही हो. माझं बोलणं धरू नका," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी फोन लावला होता. "सायली, नंबर काढला गो. पहिला तुझा." आवाज अगदी परीक्षकाचा. "मी नाय, मी घरातला. शेजारच्या काकूंनी काढला. बोल त्यांच्याशी."

फोन माझ्या हातात आला.

"काकू, खरंच?"

"खरंच गो."

"कुठलं गाणं आवडलं?"

मी तिची दोनच गाणी ऐकली होती. दादांकडे पाहिलं. माझ्याकडे न बघता त्यांनी स्टिअरिंगवरच्या हाताची चार बोटं लगेच वर केली.