व्याह्याच्या जिताड्याची मोहीम

श्री. ज्याचे पोटी मासळीची राज्ये नांदतात आणि ज्याचा ठाव कोणास लागला नाही, त्या दर्यादेवास दंडवत घालोन लिहिणे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष शुद्ध त्रयोदशी, मंदवार, ते दिवशी पदाजीराव यांणी जिताड्यावर मोहीम केली. कारण ऐसे, की लेकीचे सासरे धाकोजीराव दुसरे दिवशी प्रथमच भोजनास येणार, आणि त्या मुलखीचा रिवाज, की व्याह्यास जिताड्याचे डोके वाढावे. बाकी मासा कोणीही खावा, मान डोक्याचा. त्यात पदाजीराव तोंडाचे सढळ. लग्नाचे भर पंक्तीत बोलोन बसले होते, की बाजारचा मासा वाढणार नाही, स्वहस्ते गरवलेला वाढीन, न जमले तर मिशी उतरवीन. आता मिशी ती काय, पुन्हा उगवते. परंतु लेकीचे सासरी हसे जाहले म्हणजे ते उगवोन येत नाही. सबब, शनिवारी मासा खाऊ नये खरे, परंतु धरू नये ऐसे कोठे नाही, ऐसा निवाडा करोन पहाटेस निघाले, आणि बाळपणीचे स्नेही कमळाजी यांसी स्कूटरीवर मागे घेतले, आणि जिती कोळंबी, गरी, तंगुसाची दोरी ऐसा सरंजाम घेवोन खाडीचे मुखी खडकावर डेरा दिधला.

मग भरती चढो लागली, आणि दोन घटका काही नाही, आणि मग दोरीस ऐसा हिसका बसला की पदाजीराव गुडघ्यावर आले. कमळाजींनी कमरेस मिठी घातली, आणि दोघे मिळोन ओढिता ओढिता जिताडा वर आला, अडीच हातांचा, रुप्याचे अंगाचा. तेव्हाच घरी यावे की नाही? परंतु पदाजीराव म्हणो लागले, व्याही कल्ले उघडोन पाहतील, मासा जिताच राखावा. ऐसे म्हणोन कल्ल्यातून दोरी ओविली आणि मासा खडकास बांधोन पाण्यात सोडिला, आणि एकास जोडी असावी म्हणोन पुन्हा गरी टाकिली. कमळाजी शांतपणे बोलले, "पदा, बांधलेला मासा म्हणजे दर्याला आवतण. उचल, घरी जाऊ." ऐकतो कोण!

दहाचे सुमारास भरती पुरी जाहली. वारा नाही, लाट नाही, आणि खडकाखालील पाणी आपसूक काळे जाहले. ती मुशी होती, जीस इंग्रज शार्क म्हणतात. खडकाचे या टोकापासोन त्या टोकापर्यंत तिचे अंग जातच होते, जातच होते, आणि शेपूट काही येईना. दोरी एकवार ताणली, सैल पडली, आणि पाणी पुन्हा हिरवे जाहले. जणू काही घडलेच नाही. पदाजीरावांनी दोरी ओढिली, तो डोके तेवढे वर आले, सुरीने कापावे तैसे. मग पदाजीराव खडकावर बसले आणि रडले. कमळाजींनी दर्यास हात जोडिले, आणि डोके ओल्या पंच्यात गुंडाळोन म्हणाले, "डोके ठेवलेय ना दर्याने? मग चल."

दुसरे दिवशी पंगत बसली. घरधनीण नागूबाईंनी डोक्याचे कालवण ऐसे केले, की वास वेशीपर्यंत. ते धाकोजीरावांचे ताटी, आणि बाकी पंक्तीस सुकट; या लिहिणारानेही तीच खाल्ली, म्हणोन पक्के ठाऊक. धाकोजीरावांनी सर्वांची ताटे न्याहाळिली आणि पुसिले, की बाकी मासा कोठे? सर्व माणसे पदाजीरावांकडे पाहो लागली, की आता हे काय काय रचितात. परंतु पदाजीरावांनी जन्मात प्रथमच पदरचे काही न घालिता घडले तैसे सांगितले, आपली चूक धरोन. धाकोजीरावांनी ताटातील डोके बोटाने फिरवोन पाहिले. मग म्हणाले, "व्याहीबुवा, मोठा पाहुणा आमच्या आधी जेवून गेला, आणि मान आम्हाला ठेवला. याहून काय वाढणार तुम्ही?" आणि गालाचा मऊ तुकडा काढोन आधी पदाजीरावांचे ताटी ठेविला, मग आपण जेवले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते म्हणावी तर मासा दर्याकडे, आणि बुडाली म्हणावी तर मिशी जागेवर. तपशील इतकाच, की पूर्वी पदाजीराव माशाची लांबी सांगताना दोन्ही हात पसरीत असत. आता त्या मुशीची लांबी कोणी पुसिली, तर हात जोडितात.