सुजेचा पाहुणचार

सोपानराव ड्रेसर यांना बसलेले कोणी पाहिले नव्हते. चहा उभ्याने, गप्पा येरझाऱ्या घालीत. पाट मांडला तर त्यालाच प्रदक्षिणा. गुरांच्या दवाखान्यात बैलांची हाडे बांधता बांधता ते परभणीस निवृत्त झाले. पुढे पत्नी निवर्तली, आणि पायांना मुळीच विसावा उरला नाही.

नामांतराच्या धामधुमीच्या वर्षांत मी परभणीजवळच्या पिंगळीस, आमच्या घराच्या ओट्यावरून घसरून, उजवे मनगट मोडून घेतले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले. परंतु आचमनासाठी तळहाताचा द्रोण पुन्हा होईल का, या चिंतेने मी व्याकूळ झालो.

बातमी कळताच सोपानराव परभणीहून सकाळच्या पॅसेंजरने रोज येऊ लागले. आंदोलनात गाड्या थांबल्या, त्या दिवशी पायी आले. येताच माझी सुजलेली बोटे दाबून पाहत. कुटुंबाने हळदीचा लेप आणला, तर कडाडले, "वैनी, हाकलू नका तिला! सूज म्हंजे राखणदार. आधी मोडतोड साफ करतेत, मग हाक मारतेत. ती हाक ऐकून हाडाच्या मगजातलं बियाणं जागं हुतंय, अन् त्याचंच हाड हुतंय. दवाखान्यातल्या सायबानं दुर्बिणीत दाखवलंय मला!"

"म्हणजे अतिथीच म्हणावयाचे," मी म्हणालो.

"हां. पण पाहुण्यानं वेळेवर निघावं. लय दिस राहिला की घर खातो. अन् तुमी हात हलवू नका!"

"आपणही किंचित स्थिर व्हाल काय? मला घेरी येते."

"हाड माझं मोडलंय का तुमचं? आमचा बैल बरा, शास्त्रीबुवा. बोलत न्हाई."

दीड महिन्याने प्लास्टर निघाले. दुसऱ्या सकाळी कुटुंबाने पळीने पाणी घातले. तळहाताचा द्रोण झाला; थेंबही सांडला नाही. माझे डोळे भरून आले. सोपानरावांनी बोटे दाबून पाहिली, पिशवी उचलली.

"सूज उतरली. आता आमीबी निघावं."

आणि उंबऱ्याशी ते थबकले. इतके दिवस न थांबलेले पाय तिथे निश्चल झाले.

जाणूनबुजून असत्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. मी हात पुढे केला. "करंगळीपाशी अजून थोडी वाटते."

ते परतले. करंगळी दाबली, पुन्हा दाबली. तिथे काही नव्हते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

"हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "थोडी हाय."

आणि पाटावर बसले.

परतीच्या पॅसेंजरची शिटी झाली. कुटुंबाने दुसरे ताट वाढले. सोपानराव उठले नाहीत.