चेअरमनसाहेबांची सागाची रांग

गावच्या विकास सोसायटीच्या रिकाम्या जागेत साग लावायचा ठरला, तेव्हा रस्त्याकडेची पहिली रांग चेअरमन आबारावांनी स्वतःसाठी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्र्याच्या पाटीवरचं आपलं नाव दिसलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. बहात्तरच्या दुष्काळात गावातली झाडं पाल्यासाठी बोडकी झाली होती. येडशीकडून येणाऱ्या एसटीतून उतरलेला माणूस एसटीच्याच सावलीत उभा राही आणि एसटी गेली की सावलीही जाई. म्हणून प्रत्येक संचालकाने एकेक रांग जगवायची, असा ठराव झाला. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे शब्बीरभाई मीटिंगमध्ये फार प्रश्न विचारत. त्यांना सगळ्यात मागची, मोडलेल्या जुन्या कोंडवाड्यातली रांग मिळाली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत शब्बीरभाईंचा साग कमरेला लागला. पानं सुपाएवढी. आबारावांचा साग मात्र गुडघ्याखालीच पिवळा पडून बसला.

"चेअरमननं साग लावलाय का मेथी?" पारावर कुणीतरी म्हणालं. ते संध्याकाळपर्यंत तिखटमीठ लागून आबारावांच्या कानावर आलं.

त्यांनी सोसायटीचा शिपाई धुळाप्पा याला धरलं. "माझ्या झाडास्नी पानी घालतूस का न्हाय?"

"सगळ्यास्नी एकाच हिरीचं घालतूय, मालक. नजर लागली आसंल."

आबारावांनी नजर उतरवली. मग युरिया घातला. चिमूटभर सांगितला होता, त्यांनी ओंजळभर घातला. पानांच्या कडा विडीसारख्या जळल्या. मग त्यांनी म्हशीची शेंगदाण्याची पेंड नेऊन मुळांशी पुरली.

"अवं, पेंड कुठं गेली?" त्यांच्या बायकोने, मुक्ताबाईंनी विचारलं.

"झाडाला घातली."

"मग आता धार झाडाची काढू का?"

पेंडीच्या वासाने गावची कुत्री आली आणि त्यांनी निम्मी रांग उकरून ठेवली.

तेवढ्यात वनखात्याचे साहेब लागवड बघायला येणार, असा निरोप आला. आबाराव दोनदा आपल्या रांगेपाशी जाऊन आले. शेवटी त्यांनी धुळाप्पाला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "पाट्या बदल."

धुळाप्पाने बदलल्या. साहेब आले आणि थेट मागच्या रांगेपाशी थांबले. "वा! आबाराव कोण?"

"म्याच की."

"काय खाऊ घातलंत या झाडांना?"

"युरिया घातला, पेंड घातली. शिवाय सकाळी उठून दोन शब्द बोलतो त्यांच्याशी."

मागे उभ्या असलेल्या शब्बीरभाईंना ठसका लागला. ते हाताचं ग्रीस फडक्याला पुसत राहिले.

मग साहेब शब्बीरभाईंची पाटी लावलेल्या पहिल्या रांगेशी गेले. बोटाने जमीन खरवडून म्हणाले, "नुसता मुरूम आहे. नत्र नाही, स्फुरद नाही. माती स्वतःच उपाशी, ती झाडाला काय वाढणार? तुमचा दोष नाही, शब्बीरभाई."

"मेहरबानी, साब."

"गावामागचा माळही असाच उपाशी दिसतो," साहेब उत्साहाने म्हणाले. "त्याला सागाची रोपं आम्ही देऊ. जगवायची आबारावांनी. असा जाणकार माणूस कुठे मिळायचा? दोन वर्षांनी मी स्वतः बघायला येईन."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी शब्बीरभाईंची होती.

त्या संध्याकाळी आबाराव सायकलच्या दुकानात गेले आणि शब्बीरभाईंना पंक्चरची ट्यूब धरू लागले.

"शब्बीरभाई, चुकलं माझं."

"हौ, चुकलं. च्या घेता?"

"आता त्या माळाचं काय करू?"

"चेअरमनसाब, माझ्या रांगेला म्या काय बी घातलं न्हाय. तिथं निजामाच्या काळापासून जनावरं कोंडायची. शेणामुतानं माती तयार झालीया. पाटी उचलली तुमी, कोंडवाडा कसा उचलणार?"

आबाराव ताडकन उठले. "उचलू की! चेअरमन हाय म्या!"

आठवड्याभरात कोंडवाडा माळावर नेण्याचा ठराव झाला. काट्याचं कुंपण घालून उन्हाळाभर तिथे जनावरं कोंडायची, पावसाळ्यात त्याच जागी रोपं लावायची आणि कुंपण पुढे सरकवायचं. अडचण एकच होती. दुष्काळाने गावात मोकाट फिरायला जनावरं ठेवलीच नव्हती. मग आबारावांनी आपलीच म्हैस आपल्याच शेतात सोडली आणि धुळाप्पाने ती रीतसर पकडून माळावर नेली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई धार काढायला चरवी घेऊन माळ चढू लागल्या. "नवरा चेअरमन आन् म्हस कोंडवाड्यात! म्हायेरी काय सांगू म्या?"

गाव पोट धरून हसलं. पण शब्बीरभाईंनी आपल्या शेळ्या वर आणल्या, त्यांच्यामागे आणखी चार-दोन घरांची जनावरं आली. गंमत म्हणून येणारी माणसं येताना टोपलीभर शेणखतही आणू लागली.

दुसऱ्या पावसाळ्यात माळावरची पानं रुंद झाली. आबाराव धुतलेला कोट घालून माळावर साहेबांची वाट बघत बसले. स्टँडवरून धुळाप्पा एकटाच परत आला.

"साहेबांची बदली कवाच झाली, मालक. नवं साहेब म्हनत्यात, कंचा माळ?"

शब्बीरभाई हसले. "छुटलात, चेअरमनसाब. न्या म्हस घरी."

आबाराव कोट काढून वरच्या उघड्या मुरमाकडे बघत राहिले. "निम्मा माळ ऱ्हायलाय आजून," ते म्हणाले.

माळ चढून आलेल्या मुक्ताबाईंनी ते ऐकलं. चरवी खाली ठेवून त्यांनी दम घेतला. "मग वर एक खोपट तरी बांधा. म्याच ऱ्हायला येते. म्हशीला सोबत हुईल."

ते खोपट पुढे कितीतरी वर्षं होतं. आबाराव आणि मुक्ताबाईंचे नंतरचे सगळे उन्हाळे तिथेच गेले. दुकान बंद केलं की शब्बीरभाई चढावर सायकल ढकलत वर येत, सागाच्या सावलीत घाम पुसत आणि चहा मागत. त्या चहाची चव खाली गावात कुठेच मिळत नाही, असं ते सांगत.