अकारविल्हे खोली

मुलगी चार वर्षांनी घरी राहायला येणार म्हटल्यावर तिच्या खोलीचं काहीतरी करायला हवं, यावर नवराबायकोचं कधी नव्हे ते एकमत झालं. अडलं ते पुढे.

“खोली जरा नीट करून घेऊ,” बायको म्हणाली.

“नीट म्हणजे नेमकं काय?” कोशकारांनी चष्मा काढला. शब्दकोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, पण सवय काही निवृत्त झाली नव्हती. “डागडुजी म्हणजे आहे ते टिकवणं. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं चालू करणं. नूतनीकरण म्हणजे जुनं काढून नवं बसवणं. आणि कायापालट म्हणजे मूळ वस्तू ओळखूसुद्धा येता कामा नये. यातलं काय?”

“तुम्ही शब्दांचा कीस पाडून घ्या. मी तोवर कपाट रिकामं करते.”

खोलीत एकच वस्तू अशी होती, जिला कुणी हात लावलेला कोशकारांना चालणार नव्हता. ती म्हणजे दाराजवळचं टेबल. चांगलं ऐसपैस, दोन्ही बाजूंनी बसता येईल असं. एका बाजूला ते कार्यालयातून आणलेली कार्डं तपासत बसायचे आणि समोर मुलगी अभ्यास करायची. मधेच मान वर करून ती विचारायची, “बाबा, हट्टी माणसाला अजून काय म्हणतात?” ते सात शब्द सांगायचे. आठवा ती सांगायची, “बाबा.” मग दोघंही हसायची आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “अभ्यास चाललाय की तमाशा?”

त्या संध्याकाळी कोशकारांना अजून आठवायच्या. अलीकडे मुलीचा फोन दोन मिनिटांत उरकायचा. जेवलात का, तब्येत कशी, ठेवते. ती पुन्हा एकदा त्या टेबलाशी समोर बसेल आणि पूर्वीसारखी भरभरून बोलेल, एवढीच त्यांची आशा होती. त्यासाठी टेबल जागेवर असणं त्यांना अत्यावश्यक वाटत होतं.

म्हणून त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. कार्डं लिहिली. टेबलावर ‘जैसे थे’. कडी तुटलेल्या खिडकीवर ‘दुरुस्ती’. भिंतीवर ‘रंगरंगोटी’. बिजागरी सैल झालेल्या कपाटावर ‘डागडुजी’. कुरकुरणाऱ्या पंख्याच्या बटणाखाली ‘नूतनीकरण’. आणि आरशाची चौकट वाळवीनं खाल्ली होती, म्हणून तिच्यावर ‘कायापालट’. मग सुतार आणि रंगारी या दोघांना समोर उभं करून तासभर एकेका शब्दाचा अर्थ समजावला.

“आपलं डोकं चालवायचं नाही,” शेवटी ते म्हणाले. “कार्डावर असेल तेवढंच करायचं.”

“काका, इतकं शाळेतसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं,” सुतार म्हणाला.

धुळीनं कोशकारांना खोकला होतो, म्हणून बायकोनं त्यांना तीन दिवस बहिणीकडे धाडलं. खोकला हे निमित्त. ते घरात असते तर काम वर्षभर चाललं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्याच सकाळी रंगाऱ्यानं खोलीत चादरी अंथरल्या, आणि ओल्या हातांनी कार्डं खराब होऊ नयेत म्हणून ती अलगद काढून बायकोच्या हातात दिली. “कुठलं कुठे होतं ते तेवढं लक्षात राहिलं नाही, काकू,” तो म्हणाला. बायको चाळीस वर्षं एका कोशकाराबरोबर राहत होती. या माणसाची कार्डं कोणत्या क्रमानं लागतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं सगळी कार्डं अकारविल्हे लावली आणि दारापासून सुरुवात करून डिंकानं एकेक चिकटवत गेली. टेबल, कायापालट. खिडकी, जैसे थे. भिंत, डागडुजी. कपाट, दुरुस्ती. पंखा, नूतनीकरण. आरसा, रंगरंगोटी. सहांपैकी एकटा पंखा तेवढा नशीबवान निघाला.

रोज दुपारी बहिणीकडून फोन यायचा.

“कार्डांप्रमाणे चाललंय ना?”

“अगदी कार्डांप्रमाणे.”

दुसऱ्या दिवशी रंगारी आरशाच्या काचेला निळा रंग देताना दिसला, तेव्हा बायकोच्या मनात पाल चुकचुकली. पण शब्दाच्या अर्थावरून नवऱ्याशी वाद घालून आजवर तिच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. असेल काही अर्थ, असं म्हणून ती कामाला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी कोशकार परतले. मुलगी दुपारी यायची होती. त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. भिंतीवर जागोजागी पांढऱ्या सिमेंटची ठिगळं होती. खिडकीची कडी तशीच लोंबत होती. आरशात निळ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं.

“टेबल कुठंय?”

सुतारानं मोठ्या अभिमानानं पलंगाच्या दोन्ही बाजूंना बोट दाखवलं. तिथे दोन चिमुकली टेबलं उभी होती, चकचकीत पॉलिश केलेली. “मधोमध कापलं, पाय छाटले, फळी तासली. आता तुम्हीच सांगा काका, ओळखू येतंय का?”

कोशकारांना रागावताही येईना. सुतारानं व्याख्या तंतोतंत पाळली होती.

“जोड,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता जोड.”

“अहो, पाय छाटलेत. जोडलं तर पाट होईल त्याचा.”

तरीही सरस आला, दोरी आली. टेबलाची दोन शकलं शेजारी ठेवून कोशकार जमिनीवर बसले आणि सरस वाळेपर्यंत त्यांना दोन्ही हातांनी कवटाळून राहिले. टॅक्सी लवकर आली. मुलगी दारात उभी राहिली तेव्हा वडील त्याच अवस्थेत होते.

“बाबा, काय करताय?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कार्डं, रंगारी, आईचा अकारविल्हे क्रम. शेवटी ते म्हणाले, “तुझं टेबल गेलं गं. तू समोर बसशील, बोलशील, असं वाटलं होतं.”

मुलगी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. “बाबा, खरं सांगू? लहानपणी ठीक होतं. पण नंतर मला त्या टेबलाची धास्तीच वाटायची.”

“धास्ती?”

“हॉस्टेलवर गेल्यावर मी पहिलं पत्र लिहिलं होतं, आठवतं? घरची आठवण येते, जेवण जात नाही, रडत रडत लिहिलं होतं. तुम्ही त्याच टेबलाशी बसून लाल शाईनं अकरा चुका काढल्यात आणि परत पाठवलंत.”

“बारा,” कोशकारांच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. “तेव्हापासून मी मोजकंच बोलते. कमी बोललं की चुका कमी होतात.”

कोशकारांनी हात सोडले. सरस वाळलाच नव्हता, टेबलाची शकलं आपापल्या बाजूला कलंडली. त्या पत्रातल्या चुका त्यांना एकूण एक आठवत होत्या. मुलीला जेवण जात नव्हतं, हे मात्र आठवत नव्हतं. त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सुतार गुपचूप हत्यारं आवरून निघून गेला. मुलीनं एक छोटं टेबल पलंगाजवळ ओढलं, दुसरं वडिलांपुढे सरकवलं, आणि पाय पोटाशी घेऊन बोलायला लागली. नव्या नोकरीबद्दल, घरमालकाबद्दल, एकटीनं काढलेल्या आजारपणाबद्दल. तिच्या बोलण्यात शब्द कसेही पडत होते, अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. कोशकारांची बोटं दोनदा खिशातल्या पेनकडे गेली आणि दोन्ही वेळा रिकामी परत आली. तासभर ते नुसते ऐकत राहिले.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मुलगी खोलीभर नजर फिरवत म्हणाली, “काही म्हणा, रूम तुम्ही भारी रिपेअर केलीत हां.”

“रिपेअर नाही गं, नूतनीकरण,” बायको कप ठेवता ठेवता म्हणाली. “रिपेअर म्हणजे नुसतं बिघडलेलं—”

“अगं, राहू दे,” कोशकार म्हणाले. “बोलू दे तिला.”