सेंटर फॉरवर्डचं स्थळ

उज्जैनच्या फुटबॉलचं भलं करावं असं मी एका रविवारी ठरवलं, आणि त्यासाठी मेहुणीचं लग्न जमवून टाकणं हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे असं माझ्या मनाने घेतलं. माझ्या मनाने आजवर जे जे घेतलं, ते सगळं सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, निस्तरलं आहे. तरी ते सुधारत नाही.

मी बँकेत क्लार्क आहे. फुटबॉल खेळत नाही. (एकदा खेळलो होतो. बॉल जागेवरच राहिला आणि चप्पल गोलमध्ये गेली.) पण फुटबॉलवर माझी मतं आहेत. दसरा मैदानावर आमच्या क्षिप्रा इलेव्हनची मॅच असली की मी लाइनीबाहेर छत्री घेऊन उभा राहतो आणि ती मतं मोठ्याने मांडतो. कोणाला खेळवावं, कोणाला बसवावं, कोणाचा घोटा खरा दुखतोय आणि कोणाला नुसतं लिंबूपाणी हवंय, हे मला बाहेरून दिसतं. एकदा मी लेफ्ट हाफला "याला घरी पाठवा" म्हटलं आणि त्याने त्याच मॅचमध्ये दोन गोल मारले. पुन्हा असंच झालं. मग मॅचच्या आधी पोरं माझ्याकडे येऊन सांगू लागली, "विलासभैया, आज जरा मला नावं ठेवा न." याला मी आदर समजत होतो.

टीमचा जीव म्हणजे सौमित्र, सेंटर फॉरवर्ड. एका सरकारी ऑफिसात टेम्पररी होता, पण मैदानात तो उतरला की बाकीचे दहाजण पक्के वाटायचे. आणि त्या रविवारी क्लबच्या सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन सांगितलं की सौमित्र चालला. इंदूरला. तो काळच तसा होता. देश नुकताच खुला झाला होता, घरोघरी केबल आली होती आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर नवी नावं दिसायला लागली होती. इंदूरच्या एका नव्या खाजगी कंपनीने फुटबॉलची टीम काढली होती आणि तिने सौमित्रला नोकरी देऊ केली होती. त्याने अजून हो म्हटलेलं नव्हतं.

"आणि आपली फायनल?" मी विचारलं.

"फायनल गई समझो," सेक्रेटरी म्हणाला.

मला चहा गोड लागेना. उज्जैनने गहू द्यावा, सोयाबीन द्यावं, पण सेंटर फॉरवर्ड काय म्हणून द्यावा? आणि तेवढ्यात मला मुक्ता आठवली. सुलभाची धाकटी बहीण. फ्रीगंजमधल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, खो-खोची टीमही तीच बघते. तिच्यासाठी अण्णा, म्हणजे माझे सासरे, स्थळं बघत होते आणि ती प्रत्येक स्थळात काहीतरी खोट काढत होती. मुक्ताची नोकरी उज्जैनमध्ये. तिच्याशी लग्न झालं की सौमित्र कशाला इंदूरला जाईल? गडी जागेवर राहील, अण्णांची काळजी मिटेल आणि फायनल आपली. इतका चांगला विचार मला कसा सुचला, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

घरी येऊन मी सुलभाला स्थळ सांगितलं. इंदूरचं अर्थातच सांगितलं नाही.

"मुलगा काय करतो?" तिने विचारलं.

"सेंटर फॉरवर्ड आहे."

"अहो, नोकरी काय करतो?"

"सरकारी ऑफिसात आहे."

"परमनंट?"

"टीममध्ये परमनंट आहे. गुडघे उत्तम, दम भरपूर, डोकं शांत. रेफरीशी कधी भांडत नाही."

"मुक्ता काय रेफरी आहे का?" सुलभा म्हणाली. पण लगेच माहेरी फोन लावायला गेली. मुक्ताच्या लग्नाची तिला किती चिंता होती, ते मला त्या फोनवरच्या आवाजात ऐकू आलं आणि थोडं अपराधी वाटलं. पण थोडंच. फायनल जवळ आली होती.

बघण्याचा कार्यक्रम ठरला आणि त्याच्या आदल्याच दिवशी प्रॅक्टिसमध्ये सौमित्रचा उजवा गुडघा मुरगळला. (उत्तम गुडघे!) मी तिथेच होतो. एकाच गुडघ्यावर माझी फायनल आणि मेहुणीचं लग्न, दोन्ही टेकलेली होती. कोणी म्हणालं डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, डॉक्टर प्लास्टर घालतात, प्लास्टर घातलं की सीझन संपला. मी त्याला स्कूटरवर बसवलं आणि देवास गेटच्या बस स्टँडमागे एका पहलवानाकडे नेलं. हाडं बसवण्यात त्यांचा हात चांगला, असं बँकेत कोणीतरी म्हणालं होतं.

पहलवानांनी गुडघ्यावर नुसता हात ठेवला आणि डोळे मिटले.

"कई नी हे भैया, नस चढ़ गी हे. अबी उतार दूँ."

मग त्यांनी नस उतरवली. ती कुठून कुठे उतरली कोण जाणे, पण सौमित्रचा आवाज बस स्टँडवर ऐकू गेला असणार. तेल लावून त्यांनी तो गुडघा पोळीची कणीक तिंबावी तसा तिंबला. जाताना तो लंगडत गेला होता, येताना मी आणि पहलवान मिळून त्याला धरून आणत होतो.

"विलासभैया, हा वाकतच नाहीये," स्कूटरवर तो म्हणाला.

"उद्या वाकायचंच नाही," मी म्हटलं. "सरळ बसायचं. घरच्यांना काही बोलू नकोस. मी आहे न."

दुसऱ्या दिवशी सौमित्र आणि त्याची आई अण्णांच्या घरी आले. मी त्याला दारातून कोचापर्यंत असा नेला की कोणालाही वाटावं, आमचं फार सख्य आहे. त्याने कोचावर बसून पाय लांब सोडला. सासूबाईंनी पोहे आणले, वर रतलामी शेव आणि जिरावण मसाला. सगळं झकास चाललं होतं. मग सौमित्रची आई म्हणाली, "अरे, अण्णांना नमस्कार कर."

अण्णा शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मुलगा कसा आहे हे ते त्याच्या नमस्कारावरून ठरवतात. कमरेतून वाकला तर पास, गुडघे टेकले तर पहिला वर्ग. माझ्या वेळी मी घाईत त्यांच्याऐवजी शेजारच्या स्टुलाला नमस्कार केला होता, ते अजून सांगतात. सौमित्र धडपडत उभा राहिला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुरूनच हात जोडले.

अण्णांचा चेहरा उतरला. मी मध्ये पडलो.

"त्यांच्याकडे वाकायची पद्धत नाही, अण्णा."

"असं कसं?" सौमित्रची आई म्हणाली. "आमच्याकडे आहे की!"

"आहे, पण सध्या नाही. त्याचा एक नेम आहे."

"कसला नेम?" सासूबाईंनी उत्सुकतेने विचारलं. नेमधर्म हा त्यांचा विषय.

"सीझनभर कोणापुढे वाकायचं नाही असा. खेळाडू लोकांत असतो."

"आईवडिलांपुढेसुद्धा?" अण्णा म्हणाले.

"विशेषतः आईवडिलांपुढे," मी म्हणालो. (मी हे का म्हणालो, याचा खुलासा सुलभा अजून मागते.)

सौमित्रची आई पोह्यांची बशी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यात मुक्ता चहाचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, कोणाकडे न बघता सरळ सौमित्रच्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "उजवा गुडघा सुजलाय. कधीपासून?"

"कालपासून," सौमित्र म्हणाला.

"कोणी चोळला का?"

"हो. पहलवानजींनी. विलासभैयांनी नेलं होतं."

सगळं घर माझ्याकडे वळलं. मी चहा घेतला. तो फार गरम होता.

"भाऊजी, सुजलेला गुडघा कोणी चोळतं का?" मुक्ता म्हणाली. "माझ्या खो-खोच्या मुलींनासुद्धा कळतं. बर्फ लावायचा असतो!" असं म्हणून ती आत गेली आणि नव्या फ्रिजमधला बर्फाचा ट्रेच घेऊन आली. सौमित्रचा पाय तिने स्टुलावर ठेवायला लावला (हो, त्याच स्टुलावर), टॉवेलात बर्फ बांधून गुडघ्यावर दाबला आणि म्हणाली, "दुखलं तर सांगा, हिरोगिरी नको." सौमित्र म्हणाला, "दुखतंय." ती हसली. आजवर कुठल्याही स्थळासमोर ती हसली नव्हती. सासूबाईंनी सुलभाचा हात दाबला, ते मी बघितलं. माझ्या मनात गोल, गोल असा ओरडा सुरू झाला.

"हे दाखवायला हवं," मुक्ता म्हणाली. "हाडांचे चांगले डॉक्टर इंदूरला आहेत."

"इंदूरला तर मला जायचंच आहे," सौमित्र म्हणाला. "तिथल्या कंपनीची ऑफर आहे. गुडघ्याचा इलाजही ते करवून देणार म्हणाले. विलासभैया बोलले नाहीत का?"

अण्णा एकदम सरसावून बसले. "ऑफर? नोकरी पक्की?"

"पक्की. क्वार्टरपण आहे."

"पण खाजगी आहे, अण्णा!" मी उठून उभा राहिलो. "आज आहे, उद्या टाळं. आणि किती दूर आहे इंदूर!"

"दर पंधरा मिनिटांनी बस आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मुक्ताच्या नोकरीचं काय?"

"मी बदली मागेन," मुक्ता म्हणाली आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिने बर्फ इतका जोरात दाबला की सौमित्र कळवळला.

"पण आपली फायनल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुलभा हळूच म्हणाली, "कोणाची फायनल?"

मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना ते फारच वाईट दिसत होतं. मनात असताना इतकं वाईट नव्हतं. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून आणलंत स्थळ? माझ्या बहिणीचं लग्न तुमच्या बॉलसाठी?" मला खरोखर लाज वाटली. अण्णांच्या घरात मला थोरला जावई म्हणून मान होता (स्टूल वगळता), तो गेला असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, माझ्यापायी मुक्ताचं जमत आलेलं मोडणार, अशी भीती वाटली. मी म्हटलं, "मुक्ता, चूक माझी आहे. मुलगा चांगला आहे. त्याला माझ्यामुळे नाही म्हणू नकोस. त्याला जाऊ दे इंदूरला."

मुक्ता काही बोलायच्या आधी सौमित्र म्हणाला, "अण्णा, विलासभैयांवर रागावू नका. ते मनाचे चांगले आहेत. फुटबॉल कळत नाही, एवढंच."

अण्णा हसले. सासूबाई हसल्या. सौमित्रची आईसुद्धा हसली, आणि सुलभा तर डोळे पुसता पुसता इतकी हसली की तिला ठसका लागला. गेली कित्येक वर्षं ती हेच म्हणत होती, आज एका तज्ज्ञाने दुजोरा दिला होता.

लग्न झालं. मुक्ता इंदूरला गेली, गुडघा इंदूरला बरा झाला आणि क्षिप्रा इलेव्हन फायनल हरली. पुढच्या सीझनला आमची मॅच नेमकी त्या कंपनीच्या टीमशी, इंदूरला पडली. मी आमच्या पोरांबरोबर बसने जाणार होतो, पण सुलभा म्हणाली, "मुक्ता काय म्हणेल? आपण जावयाकडचे." म्हणून मी अण्णा, सासूबाई, सुलभा आणि मुक्ता यांच्यासह इंदूरच्या मंडपात खुर्चीवर बसलो. समोरच्या बाजूला, उन्हात, माझी उज्जैनची माणसं उभी होती. त्यांनी मला बघितलं. मी छत्री उघडून तोंड झाकलं.

सौमित्रने आमच्यावर तीन गोल मारले. प्रत्येक गोलला सुलभा मला कोपर मारायची आणि मला टाळ्या वाजवाव्या लागायच्या. तिसऱ्या गोलनंतर अण्णांना राहवलं नाही. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण अभिमान मावेना. ते उठून कंपनीच्या मॅनेजरला हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "हे आमचे थोरले जावई, विलासराव. या मुलाला इंदूरला पाठवण्याचं सगळं श्रेय यांचं आहे!"

मॅनेजरने माझे दोन्ही हात धरले. मॅच संपल्यावर त्याने मला मैदानाच्या मधोमध नेलं आणि माइकवरून सांगितलं की ज्यांच्यामुळे हा हिरा आपल्याला मिळाला, त्यांचा सत्कार. समोर आमची टीम घाम पुसत उभी होती. सेक्रेटरी माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मला घरी बसने जावं की पायी, हा प्रश्न पडला. माझ्या हातात नारळ दिला. शाल ऐनवेळी मिळाली नसावी, म्हणून खांद्यावर एक छापील चादर घातली. मी तिचं टोक उलटून बघितलं. भैरवगढची होती.

म्हणजे उज्जैनने इंदूरला सेंटर फॉरवर्ड दिला आणि बदल्यात उज्जैनचीच चादर परत आणली. घरी येऊन सुलभाने ती पलंगावर घालून बघितली. सिंगल निघाली.