फितीच्या आतला दवाखाना

इंद्रभान हायकोर्टात जिंकला. गावच्या दवाखान्यात डॉक्टर मिळणं हा गावकऱ्यांचा हक्कच आहे, असा निकाल लागला. मात्र दवाखान्याचं उद्घाटन न झाल्यामुळे सरकारदरबारी यातलं काहीच घडलेलं नाही. आपणही तसंच धरून चालू.

गाव किन्हीराजाच्या पलीकडचं. इंद्रभानच्या बायकोला, तुळसाबाईला, दमा. धाप लागली की ऑटोत घालून वाशीम गाठायचं. म्हणून तर केस. निकालानंतर डॉक्टर यूसरा सकाळीच येऊन दवाखान्यात खुर्चीत बसल्या. मग आनंदाच्या भरात इंद्रभानने दवाखान्याच्या दाराला बाहेरून लाल फीत बांधली. आमदार येऊन कापणार होते. दुपारी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आमदार आले नाहीत, फीत राहिली.

संध्याकाळी तुळसाबाईला धाप लागली. ती फितीखालून वाकून आत शिरू लागली.

"वहिनी, थांबा!" सरपंच किसनसिंग ओरडला. "आत पाय पडला का उद्घाटन झालं. गुन्हा हाय तो!"

"मंग डाक्टरीन बाई कशा आत?"

"त्या फितीच्या आधीच्या. त्यायले लागू नाही."

"सोडून टाका ना फीत!"

"अन् इलेक्शनवाल्यायनं इचारलं, कोनाच्या सांगण्यानं सोडली, तं?"

"मीच बाहेर आले असते," यूसरा आतून म्हणाल्या, "पण ड्यूटीच्या वेळेत डॉक्टरने दवाखान्याबाहेर पाऊल टाकू नये, असं निकालातच आहे. कोणी मागितलं होतं हे?"

इंद्रभान चपलेकडे बघू लागला.

"खिडकीतून वाफ द्या मले," तुळसाबाई म्हणाली.

"मशीनची वायर खिडकीपर्यंत पुरत नाही, मावशी."

तुळसाबाई ओट्यावर बसली. "फीत... बांधली... कोनं?"

सगळे इंद्रभानकडे वळले.

"म्हनजे कोर्ट तुमी जितलं, अन् धाप मी टाकून राह्यली!"

ऑटो आला. तुळसाबाई वाशीमला गेली, नेहमीसारखी. डॉक्टर यूसरा फितीमागून हात हलवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानने नागपूरची गाडी धरली आणि कोर्टात नवा अर्ज दिला:

"सदर फीत प्रत्यक्षात न कापता कापली गेली आहे, असे समजण्यात यावे. तसे करणे शक्य नसल्यास, आचारसंहिता संपेपर्यंत अर्जदाराच्या पत्नीच्या दम्यास अंतरिम स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती."